वळणात शिरण्याची रीत

सोमवार, रात्री

खोपोलीहून परत येताना मांडवी एक्सप्रेसमध्ये भाऊजींशी जो वाद जुंपला तो थिवी स्थानक आले तरी मिटला नव्हता, म्हणून माझी बाजू इथे नीट लिहून ठेवतो. खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानातल्या नायट्रो या रोलर कोस्टरवर पहिल्या रांगेत बसावे की शेवटच्या, एवढाच मुद्दा होता. भाऊजींचे म्हणणे असे की गाडी एकच, रूळ एकच आणि सगळे डबे एकमेकांना जखडलेले. मग शेवटच्या रांगेत थरार जास्त असतो हा नुसता मनाचा खेळ. सगळे डबे कोणत्याही क्षणी एकाच वेगाने धावत असतात, इथपर्यंत त्यांचे अगदी बरोबर आहे. पण त्या क्षणी ते रुळाच्या वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

या गाडीला इंजिन नसते. साखळी तिला ओढत सुमारे ४० मीटर उंचीवर नेऊन सोडते आणि तिथून पुढचा सगळा प्रवास त्या उंचीच्या जोरावर होतो. घर्षण आणि वारा बाजूला ठेवून हिशेब मांडला, तर ४० मीटरच्या उतरणीच्या तळाशी वेग ताशी १०० किलोमीटरच्या किंचित वर येतो. गाडी भरलेली असो की रिकामी, कारण त्या सूत्रात वजन येतच नाही. प्रत्यक्षात मात्र भरलेली गाडी थोडी जास्त धावते. वाऱ्याचा विरोध दोन्ही गाड्यांना जवळपास सारखाच होतो, पण जड गाडीचा वेग त्याने कमी घटतो. म्हणूनच आराखडा करणाऱ्याला थंड हवा, समोरचा वारा आणि रिकामी गाडी हे तिन्ही एकत्र आले तरी गाडी पुढचा चढ पार करेल ना, हे आधी तपासावे लागते. नाहीतर ती दोन चढांच्या मधल्या खळग्यात झुलत राहते आणि तिथेच थांबते.

आता रांगेचा प्रश्न. पहिली रांग माथा ओलांडते तेव्हा गाडीचा बहुतेक भार मागे चढावरच असतो, त्यामुळे ती रांग साखळीच्याच संथ गतीने पुढे झुकते आणि क्षणभर समोर काहीच नसल्यासारखी लोंबकळत राहते. शेवटची रांग माथ्याशी पोहोचते तेव्हा चित्र नेमके उलटे झालेले असते. पुढचे सगळे डबे उताराला लागून वेग घेत असतात आणि ही रांग त्यांच्यामागे माथ्यावरून खेचली जाते. रूळ खाली वाकतो, शरीराला मात्र आपल्या वेगाने सरळ पुढे जायचे असते, आणि माणूस आसनावरून अक्षरशः उचलला जातो. शौकीन ज्याला एअरटाइम म्हणतात तो हाच. तेव्हा पुढे बसणाऱ्याला दृश्य मिळते आणि मागे बसणाऱ्याला बल मिळते, असा माझा निवाडा आहे. भाऊजींनी तो मान्य केला नाही. पण दुसऱ्या फेरीला ते मुकाट्याने मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले होते, याची नोंद असावी.

कुडाळच्या आसपास चहा आला तेव्हा मी त्यांना कपाकडे पाहायला सांगितले. गाडी एका लांब वळणाला लागली होती. खिडकीबाहेरची झाडे तिरकी झाल्यासारखी दिसत होती, पण कपातल्या चहाची पातळी काठाला जवळपास समांतरच राहिली. कोकण रेल्वे आखताना वळणांची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी आणि चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असे ठरले होते. वळणावर बाहेरचा रूळ उंच केलेला असतो हे अनेकांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सरळ रूळ एकदम वळणाला जोडलेला नसतो. दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो, ज्यात वक्रता शून्यापासून हळूहळू वाढत जाते आणि बाहेरचा रूळही तिच्याबरोबरच उचलला जातो. तो पट्टा नसता तर वळणाच्या पहिल्याच क्षणी बाजूचे सगळे बल एका झटक्यात येऊन आदळले असते आणि चहा भाऊजींच्या सदऱ्यावर गेला असता. रोलर कोस्टर आणि आपली रेल्वे यांचे खरे नाते मला या पट्ट्यात दिसते.

बुधवार

कोणालाही रोलर कोस्टरचा लूप, म्हणजे गाडीला उलटे करून आणणारा उभा फेरा, काढायला सांगा, तो वर्तुळ काढतो. भाचीनेही वहीत तेच काढले. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ उभारणाऱ्यांनीही तेच केले होते. त्याआधी ११ वर्षे, १८८४ मध्ये, त्याच कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनची स्विचबॅक रेल्वे ही रोलर कोस्टर सुरू झाली होती. तिचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर, म्हणजे सायकलवाला तिला सहज मागे टाकील. तिथून थेट माणसाला उलटे करण्याची उडी घेतली गेली, आणि तीही सुमारे साडेसात मीटर व्यासाच्या शुद्ध वर्तुळात. बसणाऱ्यांच्या माना दुखावत असत.

का दुखावत, हे कागदावर दोन ओळींत निघते. वर्तुळाकार लूपमधून गाडी स्वतःच्या वेगाने जात असेल, तर तळाशी जाणवणारे वजन आणि माथ्यावर जाणवणारे वजन यांत नेहमी माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या सहापट इतका फरक राहतो. वर्तुळ लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच. माथ्यावर माणूस अगदी वजनहीन होईल इतका कमी वेग ठेवला, तरी तळाशी त्याला स्वतःच्या सहापट वजनाने आसनात दाबले जाणार; आणि गाडी माथ्यावर अडकू नये म्हणून वेग जरा वाढवला की तळाचा आकडा आणखी चढणार. आजच्या गाड्यांवर चार-साडेचारपट, आणि तेही क्षणभरच, सोसायला लावतात. शिवाय सपाट रुळावरून वर्तुळात शिरताना हे सगळे वजन एकदम अंगावर येते, त्याला कोणतीही पूर्वसूचना नसते. मान मोडते ती प्रामुख्याने या एकदमपणामुळे, असे माझे मत आहे.

१९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉटने ‘लूप द लूप’साठी लंबवर्तुळ वापरून पाहिले. झटका बराच कमी झाला, पण एका वेळी मोजकीच माणसे जात आणि बसणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त. नुसते बघायलाही तिथे पैसे घेत असत म्हणे. त्यानंतर ही कल्पना अनेक दशके बाजूला पडली. ती परत यायला आधी पोलादी नळीचा रूळ यावा लागला. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्न या कोस्टरवर तो प्रथम वापरला गेला. लाकडी फळ्यांच्या थरांवर लोखंडी पट्टी ठोकून जो रूळ होतो तो हवा तसा पिळता येत नाही. नळी मात्र तिन्ही दिशांना वाकवता येते.

मग १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनवर ‘रेव्होल्यूशन’ आली. ती बांधणारे अंतोन श्वार्झकोप्फ आणि तिचे गणित करणारे वेर्नर श्टेंगेल, दोघेही जर्मन. या लूपचा आकार पाण्याच्या थेंबासारखा आहे, खाली पसरट आणि वर निमुळता. तळाशी वेग जास्त असतो, म्हणून तिथे त्रिज्या मोठी ठेवायची, म्हणजे वजन फार चढत नाही. माथ्यावर वेग कमी झालेला असतो, म्हणून तिथे त्रिज्या लहान करायची, म्हणजे माणूस आसनाला चिकटून राहतो. आणि या दोन टोकांच्या मध्ये वक्रता अंतराच्या प्रमाणात वाढत जाते. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. रेल्वेवाले वळणाच्या तोंडाशी जो पट्टा घालतात त्याच्याच कुळातला हा वक्र, फक्त उभा केलेला.

श्टेंगेल यांची दुसरी देणगी मला त्याहून सुंदर वाटते. गाडीला गिरकी द्यायची असेल तर सहज सुचणारी रीत म्हणजे रूळ हा अक्ष धरायचा आणि गाडी त्याच्याभोवती फिरवायची. तसे केले की डोके मोठ्या वर्तुळात फेकले जाते आणि माणसाला आसनात धरून ठेवणाऱ्या खांद्यावरच्या कड्यांवर कान आपटतात. श्टेंगेल यांनी अक्ष रुळावरून उचलून बसणाऱ्याच्या छातीशी नेला. मग माणसाची छाती जवळपास सरळ वाटेने जाते आणि रूळच तिच्याभोवती वेडावाकडा फिरतो. नायट्रोची आखणी स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबिलार या कंपनीची. ती पाच वेळा माणसाला उलटे करते, पण उतरल्यावर मानेत कळ नव्हती. खाली उभे राहून पाहिले तर रूळ उगाच आडवळणे घेतो असे वाटते. ती आडवळणे आपल्या छातीसाठी घेतलेली असतात.

गुरुवार

आज यार्डात दिवसभर वेल्ड तपासणी. जहाजाच्या एका जोडावर डाय पेनिट्रंट लावले. लाल द्रव लावायचा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. पांढऱ्यावर केसाइतकी लाल रेघ उमटली की तिथे चीर आहे असे समजायचे. आजच्या जोडावर काही उमटले नाही.

रोलर कोस्टरच्या रुळाखालच्या जोडांचे आयुष्य जहाजाच्या जोडांपेक्षा वेगळे असते. गाडी दर फेरीला त्यांच्यावरून एकदा जाते, म्हणजे दिवसातून शेकडो वेळा तेच वजन येते आणि जाते. पोलाद एका मोठ्या भाराने क्वचित तुटते, लहान भाराच्या लाखो आवर्तनांनी मात्र थकते. म्हणून वळण गुळगुळीत असण्याचा लाभ माणसाच्या मानेपुरता राहत नाही. जिथे झटका नाही तिथे वेल्डही जास्त टिकतो. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत असा रूळ कोणी उभारलाच, तर रंगकामाच्या खर्चाने मालक हैराण होईल, हे मी यार्डातल्या अनुभवावरून सांगू शकतो.

शनिवार

संध्याकाळी भाचीला घेऊन बोडगेश्वराच्या जत्रेला गेलो. खाज्यांच्या दुकानांपलीकडे आकाशपाळणा, टोराटोरा आणि लहान मुलांची ड्रॅगन गाडी लागली होती. ड्रॅगन गाडीचा रूळ गोल आणि चढ कमरेएवढाच. तरी मी वाकून चाके पाहिलीच. गाडी मोटारीने चालते, कुठेही रुळावरून उचलली जाण्याइतका वेग घेत नाही, त्यामुळे वरून टेकलेली चाके तिला पुरतात.

भाचीने विचारले, “मामा, मग मोठी गाडी वरून उडून का जात नाही?” याचे उत्तर जॉन मिलर या अमेरिकन आराखडाकाराकडे आहे. त्याने १९१९ मध्ये रुळाच्या खालून टेकणाऱ्या चाकांचे पेटंट घेतले. आजच्या प्रत्येक मोठ्या गाडीला चाकांचे तीन संच असतात: वरचे वजन पेलते, बाजूचे दिशा धरते आणि खालचे गाडीला वर जाऊ देत नाही. गाडी रूळ तिन्ही बाजूंनी मुठीत धरून धावते. त्याआधी माथे भीतभीत, पसरट काढावे लागत. मिलरनंतर ते टोकदार झाले आणि एअरटाइम हक्काने देता येऊ लागला. चढावर जो कटकट आवाज येतो तोही त्याच काळातल्या युक्तीचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या पोटातला खटका दातेरी पट्टीवर एकेक दाता मागे टाकत जातो. त्या आवाजाने लोकांच्या पोटात गोळा येतो, हा मला मोठा विनोद वाटतो, कारण सबंध प्रवासात सर्वांत आश्वासक आवाज तोच आहे.

“आणि ब्रेक कोण मारतं?” गाडीत बसलेले कोणीच नाही. ब्रेक गाडीला नसतात, रुळाला असतात. सबंध मार्गाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर मागची गाडी आपोआप अडवली जाते. आपल्या रेल्वेची सिग्नल पद्धतही हीच. अलीकडच्या कोस्टरवर गाडीखालची धातूची पट्टी रुळालगतच्या कायमच्या चुंबकांमधून जाते, तिच्यात भोवरी प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि गती आपोआप खाली येते. तिथे घासणारे काही नाही आणि विजेची गरज नाही. वेग जितका कमी तितकी ही पकडही कमी, त्यामुळे पूर्ण थांबवायला शेवटी वेगळी सोय लागतेच.

भाचीला जगातल्या सर्वांत उंच गाडीचे फार आकर्षण. न्यू जर्सीतली किंगडा का २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा १३९ मीटर उंच होती आणि ताशी २०६ किलोमीटर वेगाने सोडली जाई. कधी वेग किंचित कमी पडला की माथ्याजवळून मागे यायची. २०२४ मध्ये ती बंद झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडली. वर जायचे आणि खाली यायचे, अर्ध्या मिनिटाच्या आत संपले. मला त्या उंचीबद्दल आदर आहे, पण आराखडा म्हणून तिच्यात वाचण्यासारखे फारसे काही नव्हते. भाचीला हे पटले नाही, आणि तिच्या वयात ते पटूही नये.

परत येताना तिने शेवटचा प्रश्न काढला. लूपमध्ये आपण आसनालाच दाबले जातो तर मग खांद्यावर कडे कशाला? मी सांगितले की ते लूपसाठी कमी आणि एअरटाइमसाठी जास्त लागते. आणि गाडी कुठे अवेळी थांबली तरीही. प्रत्येक कड्याला दोन स्वतंत्र कुलपे असतात, एक निकामी झाले तरी दुसरे धरून ठेवते, आणि वीज गेली तर ती उघडत नाहीत, मिटलेलीच राहतात. “म्हणजे वीज गेली तर आम्ही वरच लटकणार?” वरच, पण थोडा वेळ. चढाला लागून पायऱ्या असतात. कर्मचारी वर येऊन एकेका रांगेची कडी हाताने सोडवतात आणि माणसांना चालवत खाली नेतात. त्या पायऱ्या खोपोलीला तिने पाहिल्या होत्या, पण त्या कामगारांसाठी असतील असे तिला वाटले होते. रोज सकाळी गाडी सुटण्याआधी त्यांच्यावरून चढून साखळी तपासणारे कामगारच असतात, हेही मी तिला सांगितले.