फेअरव्ह्यूच्या कुरणात खिळे वेचताना

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लटहून अ‍ॅशव्हिलला जायचा आमचा आवडता रस्ता लेक लूर आणि चिमनी रॉकवरून, नदीच्या कडेकडेने डोंगर चढत जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये तो रस्ता जागोजागी नदीत गेलेला होता. हेलीन वादळ 26 सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत त्याने हाहाकार माजवला. समुद्र तिथून जवळपास चारशे किलोमीटर लांब आहे. वादळांना कंटाळलेली माणसं किनारा सोडून याच डोंगरांत घर घेतात. पण वादळ पोहोचायच्या आधीपासूनच पाऊस लागलेला होता, जमिनीत आणखी पाणी मुरायला जागा नव्हती. बुसिक नावाच्या ठिकाणी तीन दिवसांत 30 इंचांहून जास्त पाऊस पडला. अ‍ॅशव्हिलला फ्रेंच ब्रॉड नदी 1916 च्या महापुराच्याही वर चढली. राज्यात शंभराहून अधिक माणसं दगावली.

म्हणून आमचा गट मदतीला निघाला तो स्पार्टनबर्गवरून, आय-26 महामार्गाने. फ्लेचरच्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर दुसऱ्या राज्यांतून गवताचे ट्रक येत होते. एकेक गोल गठ्ठा माणसाच्या छातीएवढा. मुक्काम एका चर्चच्या हॉलमध्ये, जमिनीवर. नळाला पाणी नव्हतं आणि जिथे आलं होतं तिथे ते पिण्याजोगं नव्हतं. अ‍ॅशव्हिलचं पाणी न उकळता प्यायला 18 नोव्हेंबर उजाडला. तरी सकाळी सहाला त्या चर्चमधल्या बायका आमच्यासाठी गरम बिस्किटं, म्हणजे तिथले मऊ पाव, आणि ग्रेव्ही तयार ठेवायच्या. त्यांतल्या एकीचं स्वतःचं घर चिखलाने भरलेलं होतं, हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

एक तक्रार मात्र केल्याशिवाय राहवत नाही. त्या हॉलची एक अख्खी बाजू जुन्या कपड्यांच्या पिशव्यांनी भरली होती. पार्टीचे ड्रेस, उन्हाळी चपला, एकेकटे मोजे. ते वेगळं करायला रोज पाच-सहा धडधाकट माणसं बसायची, आणि बाहेर डोंगरात चिखल उपसायला माणूस मिळत नव्हता. वरच्या वाड्यांचे रस्ते तुटलेले होते, तिथे माउंटन म्यूल पॅकर्सवाले खेचरांच्या पाठीवर औषधं आणि खाणं पोहोचवत होते. खेचराच्या पाठीवर काय लादायचं आणि काय नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. दान करणाऱ्यांनीही तेवढाच विचार करायला हवा.

आमच्या गटात एक पशुवैद्य होत्या, म्हणून आम्हाला अ‍ॅशव्हिलजवळच्या फेअरव्ह्यूकडच्या एका शेतावर पाठवलं. पंचाहत्तरीच्या बाई, एकट्या. वीसेक गाई, दोन म्हातारे घोडे, एक गाढव. घर उंचावर असल्यामुळे वाचलं होतं. ओढा मात्र खालच्या कुरणावरून गेला, कुंपण घेऊन गेला आणि वर कुणाकुणाच्या घरांचं सामान तिथे टाकून गेला. मुलगा रोज फोन करून ‘माझ्याकडे ये’ म्हणत होता. त्या आम्हाला म्हणाल्या, “हनी, मी जाईन गं. पण यांना पाणी कोण पाजणार?”

2005 च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समध्ये कित्येकांनी कुत्र्या-मांजरांना मागे टाकून निघायला नकार दिला होता. त्यानंतर 2006 मध्ये कायदा झाला, आणि लोकांना हलवायच्या सरकारी योजनांत पाळीव प्राण्यांचाही विचार सक्तीचा झाला. चांगलाच कायदा आहे. पण तो घरातल्या प्राण्यांपुरता. वीस गाईंचं कुटुंब असलेल्या बाईला त्यात जागा नाही. अशा माणसाला मदत करायची तर तिच्या गोठ्यापासूनच सुरुवात करावी लागते, हे मला त्या शेतावर पक्कं पटलं.

पहिलं काम पाण्याचं. वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप बंद. एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, गाईला त्याहून जास्त. ओढा समोर खळाळत होता, पण त्यात डिझेल, सांडपाणी आणि देव जाणे काय काय मिसळलेलं. गाई त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि बाई त्यांना हाकलून वर आणायच्या. आम्ही पिकअपमधून टाक्या आणायच्या आणि बादल्यांनी हौद भरायचा. भरलेला हौद बघता बघता रिकामा व्हायचा. हात भरून यायचे. पण गाढव हौदात तोंड बुडवून डोळे मिटायचं, ते बघून पुन्हा बादली उचलाविशी वाटायची.

दुसरं काम खिळ्यांचं. खालचं कुरण मोकळं केल्याशिवाय जनावरं तिथे सोडता येत नव्हती. घोडा ओठांनी चाचपून, निवडून खातो. गाय तसं करत नाही. ती जिभेने गवताचा झुबका ओढते आणि नीट न चावता गिळते. त्याबरोबर तारेचा तुकडा गेला तर तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो. त्या कप्प्याच्या पुढेच, पातळ पडद्यापलीकडे, हृदय. तार टोचत टोचत तिथवर पोहोचते. म्हणून आम्ही हातभर अंतरावर रांग धरली आणि भाताची लावणी करावी तसे वाकून कुरणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेलो. पत्र्याचे तुकडे, खिळे, काटेरी तार, काचा. चिखल वरून वाळलेला, आत ओला. बोटांनी उकरल्याशिवाय काही दिसायचं नाही. एका जागी मला दाराची कडी सापडली, स्क्रूसकट. बाईंनी ती हातात घेऊन बघितली, वरच्या कुणाच्या दाराची असेल याचा अंदाज केला आणि वेगळ्या डब्यात ठेवली. तो डबा संध्याकाळपर्यंत बराच भरला होता: चाव्या, एक चमचा, घराच्या नंबराचा पितळी आकडा.

एवढं करूनही सगळं लोखंड निघत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरबाईंनी प्रत्येक गाईला चुंबक दिलं. बोटाएवढं, गुळगुळीत, हाताला चांगलंच जड. गाईचं डोकं दावणीला आवळून धरायचं, गालाच्या फटीतून लांब नळी घशापर्यंत सरकवायची आणि चुंबक सोडायचं. गाय एकदा मान झटकते, गिळते, संपलं. ते त्या जाळीदार कप्प्यात जन्मभर राहतं आणि खिळे-तारा स्वतःला चिकटवून धरतं. मी डोकं धरणाऱ्यांत होते. एका तांबड्या गाईचा श्वास माझ्या मनगटावर गरम लागत होता, आणि बाई तिच्या कानाशी सतत काहीतरी पुटपुटत होत्या.

कुरणाच्या कडेला एक रानचेरीचं झाड उन्मळून पडलं होतं. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं मात्र, सगळी कामं थांबवली. चेरीचा पाला कोमेजला की त्यात सायनाइड तयार होतं, आणि भुकेली गाय तोच पाला आवडीने खाते. अशा वादळानंतर जनावरं पुरात वाचून पाल्याने मरतात. आम्ही फांदी न् फांदी कुंपणाबाहेर ओढून नेली. पडलेल्या झाडांखाली पिवळ्या गांधीलमाश्यांची पोळी फुटलेली; आमच्यातल्या एकाला त्या इतक्या चावल्या की त्याला खाली दवाखान्यात न्यावं लागलं. जाणाऱ्यांनी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणि जाड हातमोजे जवळ ठेवावेतच.

बाकीचे दिवस असेच गेले. परतीचा रस्ता मला आठवत नाही, झोपले होते.

वसंतात पुन्हा गेलो. अ‍ॅशव्हिलहून पश्चिमेला टेनेसीकडे जाणारी आय-40 पिजन नदीच्या घळीत दोन्ही बाजूंनी एकेक लेन, अशी 1 मार्च 2025 पासून सुरू झाली होती. बाईंच्या सगळ्या गाई शाबूत. खालच्या कुरणाचं कुंपण अर्धंच उभं होतं आणि ओढ्याने आणलेली वाळू अजून तिथेच, गुडघाभर. त्यावर गवत धरत नाही. म्हणून सगळी जनावरं वरच्या कुरणात दाटीने चरत होती आणि गवत विकत घ्यावं लागत होतं. फेस्क्यू गवत सप्टेंबरात पेरायचं असतं, त्याआधी वाळू काढायला हवी. बाईंना कपडे नकोत, डबाबंद अन्न नको. लोखंडी खांब, तार, ठोकण्या आणि दोन दिवस उन्हात उभी राहतील अशी माणसं हवी आहेत. आमच्या गटात जागा आहे, ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर कळवावं.