कपाटासाठी लाकूड शोधताना: वखार, गिरणी आणि जुन्या तुळया

पुस्तकांचं एक कपाट आणि एक बाक घरीच करायचं ठरलं होतं. त्यासाठी वखार, करवत गिरणी आणि पाडलेल्या इमारतींचं सामान विकणारी जागा असा फेरफटका मारून आलो. सगळीकडे पहिला प्रश्न एकच विचारला: हे कापून किती काळ झाला आणि वाळवलं कसं? ज्याला याचं धड उत्तर देता येतं, त्याच्याकडेच पुढचा वेळ घालवावा असं माझं मत आहे. साग असो, ओक असो की अ‍ॅश, अर्धवट वाळलेली फळी घरात आल्यावर वाकणारच.

पिशवीत टेप, खडू, लोहचुंबक, ओलावा मोजायचं मीटर आणि छोटा रंधा होता. रंधा जरूर न्या. करवतीच्या खरखरीत पृष्ठभागावर रंगही कळत नाही आणि रेषाही. मालकाला विचारून कोपऱ्यावर एक हात मारला की फळी खरी कशी आहे ते समजतं. सोबत कपाटाच्या प्रत्येक भागाच्या मापांची यादी हवी. नाहीतर सुंदर दिसणारी, पण आपल्याला चार बोटं कमी पडणारी फळी घेण्याचा मोह होतो.

आधी वखारीत गेलो. माल भट्टीत वाळवलेला होता आणि आत छपराखाली थप्प्या रचलेल्या होत्या. मीटरचे आकडे १० ते १२ टक्के येत होते. घरातल्या हवेत साधारण ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ६५ टक्के असेल तर १२ च्या आसपास. म्हणजे आकडे ठीक होते. मात्र मीटरच्या सुया थोड्याच आत जातात आणि मीटरवर लाकडाची जात निवडावी लागते, हे विसरू नका. जाड फळी असेल तर टोकाचा तुकडा कापायला सांगून ताज्या कापावर मोजा. वरून कोरडी आणि आतून ओली फळी सर्रास मिळते.

नंतरचा वेळ फळ्यांची टोकं पाहण्यात गेला, आणि तो सार्थकी लागला. टोकाला दिसणारी वर्तुळं फळीच्या रुंद बाजूशी काटकोनात असतील, तर हवा बदलल्यावर फळी कमी हलते. वर्तुळांच्या दिशेने लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास ते केंद्राकडून सालीच्या दिशेने आकसतं. जातीजातीतही फरक आहे. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वर्तुळांच्या दिशेने सहा टक्क्यांच्या आत आकसतो, युरोपियन बीच बाराच्या जवळ जातं. कपाटाच्या रुंद बाजूंसाठी मी म्हणूनच उभ्या वर्तुळांच्या फळ्या वेगळ्या काढल्या. बाकाच्या पायांना एवढी चैन लागत नाही.

मोजमापात घोळ होतो तो घनफळाच्या हिशेबात. घनफूट म्हणजे १,७२८ घनइंच, बोर्ड फूट म्हणजे १४४ घनइंच, म्हणजे एका घनफुटात १२ बोर्ड फूट. ८ फूट लांब, ९ इंच रुंद, दीड इंच जाड फळी पाऊण घनफूट भरते. ओंडका घेणार असाल तर घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग गुणिले लांबी असा हिशेब काही ठिकाणी चालतो. तो खऱ्या गोल घनफळाच्या साधारण ७८ टक्केच येतो, त्यामुळे दोन ठिकाणचे भाव ताडताना मोजण्याची पद्धत आधी विचारा. रंधून, गाठी आणि चिरा टाळून निदान पाव हिस्सा वाया जातो, तो धरूनच मागणी सांगा.

गिरणीवर भाव उतरतो आणि जबाबदारी चढते. तिथे समोर कापलेलं लाकूड मिळतं, त्यामुळे कापणी कशी हवी ते सांगता येतं. पण ते ओलं असतं. उघड्या हवेत एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून जास्त लागतो. घाई नसेल आणि सावलीची जागा असेल तरच या वाटेला जा. ओंडक्याच्या टोकांना रंग किंवा मेण लावून घ्या. टोकांतून पाणी झपाट्याने उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मधली मज्जा, म्हणजे खोडाच्या केंद्रातला मऊ गाभा, असलेली फळी नकोच, ती हमखास तडकते. वाकड्या फांदीचं लाकूड स्वस्तात देऊ करतील, तेही नको. त्यात ताण धरलेले तंतू असतात, रंध्याखाली ते लवदार होतात आणि फळी कापताच वाकडी होते.

जुन्या तुळया मात्र मनात भरल्या. वर्षानुवर्षं छपराखाली राहिलेलं लाकूड. इथे चुंबक कामी आलं: डोक्याशिवाय राहिलेला एक खिळाही रंधा मशिनची पाती खराब करतो. रंग लागलेला असेल तर जपा, जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासून त्याची धूळ करू नका. सालीजवळच्या फिकट भागात एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि खाली पिठासारखी ताजी भुकटी दिसली तर ती तुळई तिथेच ठेवा, भुंगा जिवंत आहे. आणखी एक: जवळजवळची वर्तुळं म्हणजे मजबूत लाकूड, असं तिथे ठासून सांगतात. ओक आणि अ‍ॅशसारख्या जातींत उलट आहे, भराभर वाढलेलं लाकूड सहसा जास्त घट्ट निघतं.

शिसव दिसलं तर कागद मागा. ते डाल्बर्जिया वंशातलं झाड आहे, आणि २०१७ पासून त्या वंशातल्या जवळपास सगळ्या जातींचा सीमापार व्यापार साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या नियमांखाली आला आहे.

घरी आणल्यावर फळ्या भिंतीला टेकवून उभ्या करू नका. सपाट जागेवर, प्रत्येक दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या घालून, वरच्या-खालच्या पट्ट्या एका ओळीत येतील अशी थप्पी रचा, वर वजन द्या आणि निदान दोन-तीन आठवडे तशाच राहू द्या. मीटरचा आकडा हलायचा थांबला की करवत हातात घ्या. तोवर पट्ट्यांची ओळ सरळ आहे ना, एवढंच पाहत राहा.