न विरघळलेली पुडी

आमच्या सांगलीकडच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगलेली. मी त्रिशूरला, तात्यांनी थाटलेल्या दुकानात. 2012 च्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका सराफानं 80 ग्रॅमची सोन्याची लगड आणली. जुन्या बांगड्या आटवलेल्या. तार ओढताना तुटत होती, पत्रा ओढला की रोलरवर ओरखडे उठत होते. टंचाच्या, म्हणजे क्ष-किरणांनी शुद्धता मोजायच्या मशीनवर मात्र 91 टक्के सोनं, आणि घनता तपासायला केलेलं पाण्यातलं वजनही चोख.

पत्रा पातळ करून कापला आणि तेजाबात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक आम्लात सोडला. सोनं विरघळलं. तळाशी चांदीचा पांढरा साका येतोच, पण त्याखाली करडी-काळी पूड होती. भाचा म्हणाला, "मामा, अजून तेजाब घालू का?" घातलं. संध्याकाळपर्यंत तापवलं. पूड जागची हलंना.

हिराकस (लोहाचा क्षार) घालून विरघळलेलं सोनं खाली बसवलं, आटवलं. मशीनच्या हिशेबानं 72.8 ग्रॅम यायला हवं होतं, भरलं पावणेसत्तर. सराफ काही बोलला नाही, नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला. गलाईवाल्याला त्यापेक्षा शिवी परवडते.

अमोनियानं चांदी धुऊन काढली आणि उरलेली पूड त्याच्यासमोर तोलली: तीन ग्रॅमच्या थोडी वर. त्यातलीच चिमूट ताज्या तेजाबात टाकून त्याला समोर बसवलं. दोन चहा झाले, चिमूट तशीच. दुसऱ्या दिवशी हॉलमार्कवाल्या ओळखीच्यानं मोठ्या मशीनवर बघितलं. इरिडियम, प्लॅटिनमच्या कुळातला धातू.

लबाडी हुशारीची होती. इरिडियमचा अणुक्रमांक 77, सोन्याचा 79. दोघांच्या क्ष-किरणांच्या रेषा इतक्या जवळ की मशीनला इरिडियम शिकवलेलं नसेल तर ते त्याला सोन्यातच धरू शकतं. सोन्याची घनता 19.3, याची 22.56, त्यामुळे पाण्यातलं वजन पडत नाही, उलट तांब्यानं आलेला हलकेपणाही झाकला जातो. सोनं 1064 अंशांना वितळतं, हे 2446 ला. आमच्या भट्टीत ते वितळणारच नाही, पाकातल्या वाळूसारखं कण-कण राहतं. 1803 मध्ये लंडनच्या स्मिथसन टेनंटला ते सापडलं, तेही असंच, प्लॅटिनम विरघळवून उरलेल्या काळ्या गाळात. क्षार रंगीबेरंगी निघाले म्हणून इंद्रधनुष्याच्या ग्रीक देवतेचं, आयरिसचं नाव दिलं. शाईपेनाच्या निबचं टोक झिजू नये म्हणून ज्या कठीण मिश्रधातूचा ठिपका लावत, त्यातही हे असायचं. गाड्यांच्या महागड्या स्पार्क प्लगमध्ये आजही असतं.

सराफानं मजुरी दिली, वर केळ्याचे वेफर्स. पुडी मात्र नको म्हणाला, "फेकून द्या." तेव्हा इरिडियम सोन्याहून बरंच स्वस्त होतं, म्हणून तर भेसळ परवडायची.

2021 मध्ये त्याचा भाव सोन्याच्या तिपटीवर गेला. आठवड्याच्या आत सराफाचा फोन. "ती पुडी आहे का हो?"

आहे. तात्यांच्या तपकिरीच्या डबीत. मी चार ठिकाणी विचारलं, तीन ग्रॅमसाठी कुणी दारात उभं करत नाही.