आमची वाटचाल : बर्ड फ्लूच्या सावटातील अंडी व्यवसाय

विटा परिसरातील अनेक कुटुंबांप्रमाणे आमच्याही घरातले पहिले भांडवल गलाईतून आले. वडिलांनी दक्षिणेत सोने-चांदी गाळण्याचे दुकान चालवले आणि त्या पैशातून १९९८ मध्ये खानापूर तालुक्यातील माळावर लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांची पहिली शेड उभी केली. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या भागात ज्वारीपेक्षा अंडे खात्रीचे, हा त्यांचा हिशेब पहिली काही वर्षे खरा ठरला.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा, म्हणजे एच५एन१ विषाणूचा, देशातील पहिला उद्रेक नोंदवला गेला. नवापूर राज्याच्या दुसऱ्या टोकाला आणि आमचे पक्षी ठणठणीत, तरीही अंड्याचा दर उत्पादनखर्चाच्या खाली गेला आणि व्यापाऱ्यांच्या गाड्या येईनाशा झाल्या. गिऱ्हाईक थांबले म्हणून कोंबडी अंडे द्यायची थांबत नाही, खायची तर नाहीच. मका आणि सोयापेंडीची उधारी वाढत गेली. सरकारी भरपाई असते ती पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, पडलेल्या दराची नव्हे.

बाजार आपल्या हातात नाही, फाटक आहे, असे ठरवून त्यानंतर आम्ही कामाची पद्धतच बदलली. बर्ड फ्लू म्हटले की लोक आकाशाकडे पाहतात आणि ते अगदीच चूक नाही. थंडीत मायणी व येरळवाडीच्या तलावांवर पाहुणे पक्षी उतरतात. त्यांतील रानबदके विषाणू बाळगूनही धडधाकट दिसू शकतात आणि त्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात, चिखलात उतरतो. गार, ओलसर जागी तो बरेच दिवस तग धरतो. परंतु एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये त्याला नेणारा बहुतेक वेळा माणूसच असतो: बुटाचा तळ, गाडीचे चाक, खाद्याची रिकामी पोती आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे अंड्यांचा ट्रे. बाजारात दहा फार्मांचे ट्रे एकावर एक रचले जातात आणि कडांना सुकलेली विष्ठा तशीच घेऊन भलत्याच फार्मावर परततात.

म्हणून पुठ्ठ्याचा ट्रे आमच्याकडे एकदाच बाहेर जातो, परत येत नाही. प्लास्टिकचे ट्रे फाटकाबाहेरच्या हौदात आधी घासून स्वच्छ करतात, मग जंतुनाशकात बुडवतात आणि उन्हात वाळवतात; घाण तशीच राहिली तर जंतुनाशकाचा उपयोग होत नाही. व्यापाऱ्याची गाडी फाटकाबाहेर थांबते. प्रत्येक शेडच्या दारात गुडघ्याएवढी आडवी फळी आहे. तिच्या अलीकडे बाहेरच्या चपला सुटतात आणि पलीकडे त्या शेडचेच गमबूट चढतात. सुरुवातीला कामगार कुरकुरले, एका व्यापाऱ्याने तर माल घेणेच बंद केले, पण फळी तशीच राहिली.

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या दगावल्या आणि दर पुन्हा कोसळला. त्याच सुमारास आमच्या एका शेडमध्ये मर वाढली, काही पक्ष्यांचे तुरे निळसर पडले आणि मऊ कवचाची अंडी येऊ लागली. ही लक्षणे मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगातही दिसतात, निदान प्रयोगशाळेतच होते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवले आणि अहवाल येईपर्यंत अंडे, पक्षी, खत काहीही बाहेर जाऊ दिले नाही. बर्ड फ्लू नसल्याचा अहवाल आला. असे कळवणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, असे मानणारे आजही आहेत. मला ते मुळीच पटत नाही, कारण लपवलेली मर शेजाऱ्याच्या शेडमध्ये पोहोचते.

माणसांविषयीची भीती मात्र बऱ्याचदा चुकीच्या जागी असते. हा विषाणू पक्ष्यांच्या पेशींना सहज चिकटतो. माणसात त्याला सोयीच्या पेशी मुख्यतः फुप्फुसात खोलवर असतात. त्यामुळे लागण क्वचित होते, पण झाली तर गंभीर ठरू शकते. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ जणांना लागण होऊन ६ जण दगावले. भारतात २०२१ मध्ये दिल्लीत उपचार घेणाऱ्या हरियाणातील एका मुलाचा मृत्यू झाला. माणसाकडून माणसाकडे तो सहज पसरत असल्याचे अद्याप दिसलेले नाही. नीट शिजवलेल्या अंड्यातून धोका नाही, कारण ७० अंश सेल्सिअसला विषाणू मरतो. खरा धोका आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, म्हणजे आमच्या कामगारांना आहे. मेलेला पक्षी उचलताना मास्क आणि हातमोजे सक्तीचे आहेत आणि कोणालाही ताप आला, तर कोंबड्यांत काम करत असल्याचे डॉक्टरांना सांगण्याची सूचना आहे.

२०२५ च्या सुरुवातीला उदगीरचे कावळे आणि नागपूरच्या गोरेवाड्यातील वाघ या विषाणूने दगावल्याची बातमी आली, तेव्हा माझा मुलगा येरळेकाठच्या रानात गावरान कोंबड्या मोकळ्या सोडण्याचा बेत आखत होता. गावरान अंड्याला दर चांगला मिळतो, हे मलाही मान्य आहे. पण त्याच पाण्यावर रानबदके उतरतात, म्हणून जागा बदलून माळावर, वरून जाळी टाकलेले बंदिस्त आवार करायचे ठरले. खांब उभे झाले असून जाळीचे काम सध्या सुरू आहे.