टाइपरायटरच्या पेटीतलं पिस्तूल

एखाद्या संग्राहकाच्या पश्चात त्याचा अख्खा संग्रह संग्रहालयाकडे येतो, तेव्हा यादी आणि माल यांचा मेळ सहसा बसत नाही. ‘कार्यालयीन यंत्रे, किरकोळ’ असं यादीत लिहिलेल्या पेट्या आम्ही जतन विभागात उघडत होतो. माझ्याकडे यांत्रिक वस्तूंचं काम आहे, म्हणजे टाइपरायटर, शिलाई मशिनं, घड्याळं, सायकली. शस्त्रांचा विभाग वेगळा, त्याच्या किल्ल्या वेगळ्या. रेमिंग्टनच्या एका टाइपरायटरची पेटी उघडली, तर आत टाइपरायटर नव्हताच. मेणकापडात गुंडाळलेली एक जड वस्तू होती. कापड सोडायच्या आधीच हाताला कळलं की हे आपल्या विभागाचं काम नव्हे.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. वस्तू खाली ठेवायची, माणसं बाहेर काढायची, शस्त्रविभागाच्या प्रमुखांना बोलवायचं. ते आले, मॅगझिन काढलं, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून काडतूस बसतं ती जागा आधी डोळ्यांनी आणि मग करंगळीने तपासली. रिकामी होती. मग कळवाकळवीचे आणि कागदपत्रांचे सोपस्कार झाले, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं होतं ते स्लाइडच्या डाव्या अंगावर. तिथे ठशाच्या अक्षरांत कंपनीचं नाव होतं, ‘रेमिंग्टन रँड’, आणि खाली गाव, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क.

नोंदणी विभागाच्या मॅडमना हे पटेना. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रेमिंग्टन रँड ही टाइपरायटर आणि फायलींची कपाटं विकणारी कंपनी. आमच्या नोंदप्रणालीत तिच्या नावाखाली बरीच यंत्रं आहेत आणि सगळी ‘कार्यालयीन’ वर्गात आहेत. पिस्तूल कोल्ट या बंदुकांच्या कंपनीचं असणार आणि या संग्राहकाने पेटीला जोड म्हणून हौसेने नाव कोरून घेतलं असणार. “संध्याकाळपर्यंत मला लेखी द्या,” म्हणाल्या, “निर्माता कोण आणि कशावरून.”

शस्त्रविभागाच्या प्रमुखांना अर्थातच शंका नव्हती. पण ‘मला माहीत आहे’ हा पुरावा नोंदवहीत चालत नाही, म्हणून वस्तूकडूनच वदवून घ्यायचं ठरलं.

भिंगाखाली धरल्यावर पहिला प्रश्न, नाव मागाहून कोरलंय का हा, लगेच सुटला. पिस्तुलाचा रंग काळा नव्हता. हिरवट झाक असलेली राखाडी, किंचित खरखरीत कातडी होती ती. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्करी शस्त्रांवर फॉस्फेटचा असा थर चढवत. तो चकाकत नाही, आणि तेल धरून ठेवतो. हा थर अक्षरांच्या खाचांमध्ये तळापर्यंत उतरलेला होता. म्हणजे ठसा आधी आणि थर नंतर. कुणी हौसेने मागाहून कोरलं असतं, तर खाचेत उघडं पोलाद दिसलं असतं, किंवा त्याजागी नव्या गंजाची रेघ. चौकटीवर लष्करी निरीक्षकाची एफ. जे. ए. ही आद्याक्षरं होती, तीही त्याच थराखाली. रेमिंग्टन रँडच्या पिस्तुलांवर हीच आद्याक्षरं असतात.

मग पिस्तूल खोललं. जॉन ब्राउनिंगची ही रचना अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारली, आणि आमच्यासमोर होती ती तिची सुधारलेली आवृत्ती, एम १९११ ए १. खोलायला हत्यार लागत नाही. प्रमुखांनी घोडा आणि तो अडवून धरणारा सिअर बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवला, आणि मी उठून माझ्या टेबलावरून एका उघड्या टाइपरायटरचं एस्केपमेंट, म्हणजे कॅरेजला एकेक घर पुढे सोडणारी जोडणी, घेऊन आलो.

हे दोन भाग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. टाइपरायटरची कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, एका स्प्रिंगने सतत ओढलेली असते आणि पोलादाचं एक चिमुकलं टोक दातेरी चक्राला अडवून ती रोखून धरतं. कळ दाबली की ते टोक क्षणभर सरकतं, कॅरेज एक घर पुढे जाते, पुन्हा अडते. पिस्तुलात घोडा स्प्रिंगच्या जोराविरुद्ध मागे ताणलेला असतो, सिअरची धार त्याच्या खाचेत अडकलेली असते, चाप ओढला की ती धार सुटते. दोन्हीकडे मामला एकच: ताणलेली स्प्रिंग, तिला थोपवणारी पोलादी कड, आणि ती कड पाहिजे तेव्हाच सुटावी आणि हजारदा सुटूनही झिजू नये, याची हमी. त्यासाठी कडेचा कोन नेमका लागतो, पोलादाला पाणी नेमकं द्यावं लागतं. हे ज्या कारागिराला जमतं, त्याला दोन्ही जमतात.

“म्हणजे टाइपरायटरवाल्यांनी बंदुका करायला शिकून घेतलं,” आमची सहायक म्हणाली.

खरं तर उलट आहे, म्हटलं, आणि तिला आमच्या भांडारातल्या दुसऱ्या ओळीत घेऊन गेलो. तिथे शोल्स आणि ग्लिडन टाइपरायटर आहे, अपुरा, पण चौकट शाबूत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावी ई. रेमिंग्टन अँड सन्स या बंदुकांच्या कारखान्याने १८७३ मध्ये करार करून तो बनवायला घेतला. एलिफलेट रेमिंग्टनने १८१६ मध्ये बंदुकीची नळी घडवून सुरू केलेला हा धंदा. अमेरिकन यादवी युद्धात त्याने सरकारला शस्त्रं पुरवली. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो मोठा गिऱ्हाईक गेला. यंत्रं आणि माणसं हाताशी, म्हणून कारखान्याने शेतीची अवजारं केली, शिलाई मशिनं केली. टाइपरायटर या शिलाई मशिनांच्या विभागातच जन्माला आला, त्यामुळे तो दिसतोही तसाच: काळ्या पत्र्यावर रंगीत फुलं, खाली लोखंडी टेबल, आणि कॅरेज परत आणायला पायाने दाबायचं पायडल. फक्त मोठी अक्षरं उमटायची. लहान आणि मोठी अशी दोन्ही उमटवणारं, शिफ्टची कळ असलेलं मॉडेल १८७८ चं.

इथवरची गोष्ट यंत्रांच्या नादातल्या बहुतेकांना ठाऊक असते, आणि ती नेहमी ‘तलवारीचा नांगर झाला’ अशा भाविक सुरात सांगितली जाते. मला तो सूर मानवत नाही. नांगर झाला कारण तलवारीची मागणी आटली. आणि नांगराने घर चालेना, तेव्हा तोही विकला. १८८६ मध्ये कर्जात बुडालेल्या रेमिंग्टनने टाइपरायटरचा धंदा त्याच्याच विक्रेत्यांना, वायकॉफ, सीमन्स अँड बेनेडिक्ट यांना देऊन टाकला. बंदुकांचा कारखानाही १८८८ मध्ये दुसऱ्या मालकांकडे गेला. या दोन विक्रींनंतर नाव एक, पण घरं दोन. टाइपरायटरचं घर १९२७ च्या विलीनीकरणानंतर रेमिंग्टन रँड झालं. बंदुकांचं घर इलियनमध्येच रेमिंग्टन आर्म्स म्हणून राहिलं.

आमचं पिस्तूल या टाइपरायटरच्या घरातलं. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने टाइपरायटरचं उत्पादन आवळलं आणि कंपन्यांना युद्धाची कामं दिली. रेमिंग्टन रँडच्या वाट्याला पिस्तूल आलं. सुरुवात चांगली झाली नाही, पिस्तुलांचे भाग एकमेकांत अदलून बसत नव्हते आणि काम थांबवून घडी नीट बसवावी लागली. भागांची अदलाबदल ही बंदुकांच्या कारखान्यांनीच जगाला शिकवलेली गोष्ट. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात रॉबिन्स अँड लॉरेन्स या व्हरमाँटच्या कंपनीने असे भाग अदलता येणाऱ्या रायफली मांडल्या आणि ब्रिटिशांनी त्यांच्याकडून एनफिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी यंत्रं घेतली. ती कंपनी पुढे रायफलींच्याच एका मोठ्या ऑर्डरपायी बुडाली, ते असो. रेमिंग्टन रँडने मात्र घडी बसवली, आणि १९४५ पर्यंत पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुलं काढली. त्या युद्धात हे पिस्तूल इतक्या संख्येने खुद्द कोल्टनेही केलं नाही.

हे सगळं मी टिपणात उतरवत होतो, तेवढ्यात शस्त्रविभागाचे प्रमुख म्हणाले, “सिरॅक्यूज म्हणालात ना? थांबा जरा.” ते त्यांच्या भांडारातून एक दुनळी शॉटगन घेऊन आले. नळ्यांच्या बाजूला, लॉकच्या पट्टीवर, एल. सी. स्मिथ.

माझ्या विभागात एल. सी. स्मिथ अँड ब्रदर्सचा टाइपरायटर आहे, पलीकडच्या भिंतीलगत, गेली कित्येक वर्षं. दोन्ही वस्तूंच्या नोंदी मी तिथल्या तिथे काढून पाहिल्या. बंदुकीच्या नोंदीत निर्माता ‘स्मिथ, एल. सी.’, टाइपरायटरच्या नोंदीत ‘एल. सी. स्मिथ अँड ब्रदर्स’, आणि दोन्हींत एकमेकांचा उल्लेख नाही. माणूस तोच, लायमन कॉर्नेलियस स्मिथ. त्याच्या सिरॅक्यूजच्या बंदूक कारखान्यात अलेक्झांडर ब्राउन नावाचा यंत्रज्ञ होता. दुनळी घट्ट मिटवणारा फिरता बोल्ट त्याचा, आणि १८८० च्या दशकात स्मिथ प्रीमियर हा टाइपरायटरही त्याचाच. मोठ्या आणि लहान अक्षरांना वेगवेगळ्या कळा असलेलं ते यंत्र इतकं चाललं, की १८९० च्या सुमारास स्मिथने बंदुकांचा धंदा फुल्टनच्या हंटर कुटुंबाला विकून टाकला. बंदुका पुढेही स्मिथच्याच नावाने निघत राहिल्या, बनवत होते हंटर. एल. सी. स्मिथ अँड ब्रदर्स १९०३ मध्ये उभी राहिली आणि १९२६ मध्ये कोरोना या टाइपरायटरच्या कंपनीशी जुळून स्मिथ-कोरोना झाली.

आणि दुसऱ्या महायुद्धात स्मिथ-कोरोनाने काय बनवलं? रायफली. स्प्रिंगफिल्ड एम १९०३ ए ३ ही रायफल तेव्हा दोनच ठिकाणी तयार होत होती, इलियनला रेमिंग्टन आर्म्समध्ये आणि सिरॅक्यूजला स्मिथ-कोरोनात. म्हणजे बंदूक सोडून टाइपरायटरकडे गेलेली दोन्ही घरं एकाच गावात बसून पुन्हा बंदुका घडवत होती, आणि त्यातलं एक, स्मिथ-कोरोना, तीच रायफल करत होतं जी दुसऱ्याचं जुनं चुलत घर, रेमिंग्टन आर्म्स, करत होतं. प्रमुख आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. दोन्ही विभागांच्या मध्ये एक भिंत आणि एक कुलूप, पण कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मॅडमना टिपण दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “मग यांच्यातली खरी रेमिंग्टन कुठली?”

मी म्हटलं, नाव ज्याच्याकडे राहिलं ती, असं म्हणायचं तर पंचाईत होते. बंदुकांच्या शाखेने २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरी पाहिली, दुसऱ्या वेळी तिचे तुकडे करून विकले, आणि इलियनचा कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. अडचणीत विकून टाकलेल्या टाइपरायटरच्या शाखेने १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला युनिव्हॅक संगणक दिला, १९५५ मध्ये ती स्पेरी या कंपनीत विलीन झाली आणि १९८६ मध्ये स्पेरी-बरोज मिळून युनिसिस झाली. धंदा टिकला, नाव गळलं. स्मिथ-कोरोनाचं नाव टिकलंय, ते थर्मल लेबलांवर. विंचेस्टर या बंदुकांच्या कंपनीने पहिल्या महायुद्धानंतर वाढलेल्या कारखान्यात हत्यारं, स्केट्स, काय काय करून पाहिलं. नुसतं नाव बघून लोक स्क्रूड्रायव्हर घेत नाहीत, हे कळेपर्यंत १९३१ उजाडलं आणि कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. उलट १६८९ पासून बंदुका करणाऱ्या स्वीडनच्या हुस्कवार्नाने शिलाई मशिनं, सायकली, मोटारसायकली, करवती असा एकेक जिना चढला, १९८९ मध्ये बंदुका थांबवल्या. तिच्या बोधचिन्हात बंदुकीची माशी, म्हणजे नेम धरायचं टोक, अजून आहे, आमच्याकडच्या तिच्या शिलाई मशिनवरही दिसते. ज्यांनी यंत्रावरचं कसब पुढे नेलं ते तरले आणि ज्यांनी नुसतं नाव नेलं ते रखडले, असं माझं मत. प्रमुखांना ते मान्य नाही. त्यांच्या मते यात निम्मं नशीब आणि निम्मं बँकांचं कर्ज. स्मिथ-कोरोनाकडे बघता त्यांच्या म्हणण्यातही दम आहे.

मॅडमना मतं नको होती, रकाना भरायला हवा होता. शेवटी त्यांनी प्रणालीत रेमिंग्टनच्या तीन स्वतंत्र नोंदी केल्या, १८८६ पर्यंतची, नंतरची बंदुकांची आणि नंतरची टाइपरायटरची. प्रत्येकीला ‘उगम’ आणि ‘पुढे’ असे दुवे जोडले. स्मिथच्या दोन नोंदीही तशाच एकमेकींना बांधल्या. पिस्तुलाला वर्ग ‘शस्त्रे’ आणि निर्माता टाइपरायटरची शाखा.

मला पिस्तूल पेटीसकट एकत्र ठेवायचं होतं, कारण ते तसंच आलं होतं. पण लाकूड आणि जुना नमदा यांतून आम्लाची वाफ सुटते आणि पोलादाला खाते, हे मीच इतरांना शिकवत असतो. त्यामुळे पेटी माझ्याकडे राहिली, पिस्तूल प्रमुखांच्या कुलपात गेलं, आणि क्रमांक एकच ठेवून पुढे अ आणि ब लावलं.

मॅडम संगणक बंद करता करता थांबल्या. “याच यादीत पुढे रेमिंग्टनचं दाढीचं इलेक्ट्रिक मशिन आहे. ते कुणाच्या खाती?”

१९३७ पासून ती मशिनंही रेमिंग्टन रँडच करत होती. टाइपरायटरच्या खाती टाका, म्हटलं.