पालवी फुटली, पण मुळे कुठे?

वेलींची रोपे घरी करू लागल्यावर माझी पहिली फसगत बोगनवेलीने केली. कुंडीत खोचलेल्या काड्यांना पंधरवड्यातच लालसर कोंब आले, त्यांची पाने झाली, आणि कलमे लागली असे समजून मी ती वेगवेगळ्या कुंड्यांत हलवली. उपटताना पाहिले तर एकाही काडीला मूळ नव्हते. कापलेल्या टोकाशी फक्त पांढरट, खरबरीत गाठ धरली होती. काडीत साठलेल्या अन्नावर पालवी आधी फुटू शकते आणि मुळे मागाहून येतात, हे मला ती सगळी कलमे वाळल्यावर कळले.

आता छाट कलमासाठी मी पेन्सिलीएवढी जाड, हिरवेपणा सोडून तपकिरी होऊ लागलेली फांदी निवडते आणि तिचे १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे करते. खालचा काप पेऱ्याच्या, म्हणजे पान फुटते त्या सांध्याच्या, लगेच खाली सरळ घेते आणि वरचा तिरका, म्हणजे काडी चुकून उलटी खोचली जात नाही; मुळे फुटायला लावणारे संप्रेरक शेंड्याकडून बुडाकडे वाहत असल्याने उलटी काडी सहसा लागत नाही. माध्यम म्हणून निम्मी जाड वाळू आणि निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरते. खत मुळीच घालू नये, कारण मुळे नसलेल्या काडीला त्याचा उपयोग नसतो आणि बूड कुजण्याची भीती मात्र वाढते.

तरीही जाई, जुई आणि मधुमालती यांच्यासाठी माझी पसंती दाब कलमालाच आहे. जमिनीपर्यंत वाकणाऱ्या फांदीला पेऱ्याच्या खालच्या अंगाने दोन-तीन सेंटिमीटर लांबीची तिरकी चीर द्यावी, ती मिटू नये म्हणून आत आगपेटीतली काडी अडकवावी, तेवढा भाग मातीखाली दाबून वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर मोकळा सोडावा. फांदीला मूळ वेलीकडून पाणी मिळत राहते, तर शेंड्याकडून खाली येणारी साखर आणि संप्रेरक चिरेपाशी अडते, आणि तिथेच मुळ्या धरतात. याला दीड-दोन महिने, थंडीत त्याहूनही अधिक लागतात. मुळे धरल्यावर फांदी मूळ वेलीपासून कापावी, पण लगेच उचलू नये. स्वतःच्या मुळांवर जगण्याची सवय होण्यासाठी ती आणखी दोन आठवडे तिथेच राहू द्यावी.

गोकर्णाला हा खटाटोप लागत नाही. बियांचे कठीण कवच पॉलिशपेपरवर जरासे घासून त्या रात्रभर भिजवल्या की पुरे. मनीप्लांटचे पेर पाण्यात सहज मुळे धरते, मात्र पेर नसलेले नुसते पान महिनोन्महिने हिरवेगार राहिले तरी त्यातून वेल निघत नाही.

सध्या अंगणात जुईच्या एका फांदीवर दगड ठेवलेला आहे. त्याला पाच आठवडे झाले. शेंड्याला नवी पाने आली आहेत, आणि दगड मी अजून हलवलेला नाही.