दोन रेकॉर्ड, एक ‘नाव’ आणि माझ्या दोन रात्री

लातूरच्या मार्केट यार्डात मामांची आडत आहे. सोयाबीनच्या हंगामात हिशोबपट्ट्या लिहून मुनीमजींचं मनगट धरतं, म्हणून त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. हौसेपायी भाषा निवडली ओकॅमल. वजन, दर, हमाली-तोलाईची वजाबाकी, सगळं एका रविवारी उरकलं.

अडलं ते ‘नाव’ या फील्डवर, म्हणजे रकान्यावर.

आधी ‘शेतकरी’ हा रेकॉर्ड, म्हणजे अशा फील्डांचा एक गठ्ठा: नाव, गाव, मोबाईल. त्याखाली ‘खरेदीदार’: नाव, परवाना. (कोडमध्ये हे रोमन अक्षरांत, देवनागरी तिथं चालत नाही.) मग एका ओळीचं फंक्शन: एक्स हा रेकॉर्ड घेऊन त्याच्या नावाच्या (एक्स डॉट नाव) आधी ‘श्री.’ जोडणारं. बिनतक्रार कंपाइल झालं, म्हणजे कोड तपासून यंत्रासाठी उतरवणाऱ्या कंपायलरनं ते मान्य केलं. साठेक ओळी खाली ते शेतकऱ्यावर चालवलं, तर लाल रेघ: हा शेतकरी आहे, इथं खरेदीदार हवा होता.

त्या ओळीत खरेदीदाराचा मागमूस नव्हता! ओळ चार प्रकारे लिहिली, यादी तपासली, फाइल वाचणारा भाग उपसून काढला. रात्रीचा एक वाजला. चूक होती वर, त्या बिनतक्रार फंक्शनात. एक्स कोण हे ठाऊक नसेल, तर ओकॅमल ते फील्ड असलेला सगळ्यात शेवटी लिहिलेला रेकॉर्ड गुपचूप धरतं. तिची नात्यातली भाषा स्टँडर्ड एमएल अशा वेळी तिथंच अडून बसते, एक्सचा पूर्ण प्रकार (टाइप, म्हणजे तो कुठला रेकॉर्ड) सांगा म्हणते. मला तो अडेलपणा परवडला असता.

दुसरी रात्र आणखी वाईट. दुसऱ्या एका फंक्शनात आधी गाव काढलं, मग नाव, तर चाललं. दोन ओळींची अदलाबदल केली, तर म्हणे खरेदीदारात गाव नाही. २०१३ च्या ४.०१ आवृत्तीपासून कंपायलर आधी कळलेला प्रकार पुढं वापरतो. गाव आधी आलं की त्याला शेतकरी ओळखू येतो, नाव आधी आलं की तो खरेदीदार धरून मोकळा.

मामांना सांगितलं, तर म्हणाले, “नुसतं पाटील म्हणलं तर पट्टी कुणाच्या नावानं फाडायची? गाव सांग की.”

तेच केलं. एक्सपुढं कोलन देऊन ‘शेतकरी’ लिहिलं, काम झालं. प्रत्येक रेकॉर्ड वेगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवला तरी चालतं. आणि हो, एडिटरमध्ये फंक्शनवर कर्सर नेला की काढलेला प्रकार दिसतो. पहिल्याच रात्री नेला असता, तर एक वाजला नसता.

पण मला हवं होतं दोघांनाही चालणारं एकच फंक्शन, आणि ते रेकॉर्डवर होत नाही, याचा राग अजून आहे. कारण हे अशक्य नाही. संगणकशास्त्रज्ञ मिचेल वाँड यांनी १९८७ मध्ये रेकॉर्डच्या प्रकारात ‘उरलेली फील्डं’ दाखवणारं चल मांडलं, पुढं दिदिए रेमी यांनी त्यावर काम केलं. एल्म या भाषेत हेच फंक्शन लिहिलं, तर कंपायलर ‘ज्यात नाव आहे असा कुठलाही रेकॉर्ड’ असा प्रकार स्वतः काढतो. खुद्द ओकॅमलच्या ऑब्जेक्टांनाही (माहिती बांधायची रेकॉर्डहून वेगळी रीत) जमतं. पण सगळं ऑब्जेक्टांत लिहायचा दम माझ्यात उरला नव्हता. दोन फंक्शनं केली.

राहिलंच: वॉर्निंग ४१ चालू करा, म्हणजे एकच फील्ड अनेक रेकॉर्डांत असून कंपायलरनं त्यातला एक धरला, तर तो तसं सांगतो. एरवी ती बंद असते. परवा ‘हमाल’ हा तिसरा रेकॉर्ड घातला, त्यातही नाव. कोलन द्यायचं राहिलेल्या तीन जागा तिनं लगेच दाखवल्या.